मामीच्या नावे काहीच नाही

पुरुष गेला की शोकसभेत त्याची पदं वाचली जातात. सोसायटीचे माजी संचालक, देवस्थानचे विश्वस्त, भजनी मंडळाचे आधारस्तंभ. यातलं काहीच नसेल तर 'सर्वांच्या सुखदुःखात धावून जाणारे', म्हणजे रिकामटेकडे. शेतकऱ्याची बायको गेली की मात्र माइक हातात घेणाऱ्याची पंचाईत होते. पद नाही, सत्कार नाही, साधी पडलेली उमेदवारीसुद्धा नाही. मग तो घसा खाकरतो, मांडवाच्या कापडाकडे बघतो आणि म्हणतो, "अंबाडीची भाजी खावी तर मामींच्याच हातची." पुढचा वक्ता नेमकं हेच म्हणायच्या तयारीने आलेला असतो, त्यामुळे त्याला कढीकडे वळावं लागतं. तिसऱ्याच्या वाट्याला सांडगे येतात. चौथा उठेपर्यंत ऐकणाऱ्यांना सपाटून भूक लागलेली असते.

बेज्जूरला माझ्या मामीच्या तेरवीला असंच झालं. निवृत्त गुरुजी तेवढे स्वयंपाकाबाहेर गेले. म्हणाले, "मामींनी आयुष्यात स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही." मागितलं होतं. मिक्सर मागितला होता, आणि तो मामा पुढच्या दिवाळीला आणणार होते. पुढची दिवाळी येते ती चालू दिवाळी होऊन येते, ही मामाची अडचण मामीलाही समजत असावी, कारण पाटा-वरवंट्याला टाकी मारून घ्यायला ती दरवर्षी विसरत नसे.

फ्लेक्सही लावला होता. कागजनगरहून छापून आणलेला. वर डाव्या कोपऱ्यात एक नेते, उजव्या कोपऱ्यात दुसरे नेते, खाली शोकाकुल म्हणून अकरा तरुण, त्यातले नऊ गॉगल लावून शोकाकुल. मधोमध मामी. तिचा दुसरा फोटोच घरात निघाला नाही, म्हणून आधार कार्डावरचा मोठा करून टाकला होता. आधारच्या फोटोत कोणीही आरोपी दिसतो. चार फुटी मामी वरून असं बघत होती, की जेवायला बसलेल्या पंगतीतल्या दोघांनी पानातलं टाकलेलं परत तोंडात घातलं. तिच्या हयातीत यासाठी तिला तोंड उघडावं लागायचं.

बेज्जूर माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. कागजनगरला रेल्वेतून उतरायचं आणि पूर्वेला सागाच्या रानातून प्राणहितेच्या अंगाने जायचं. नदीच्या पलीकडे आमचा गडचिरोली जिल्हा. इकडेही कापूस आणि धान, तिकडेही कापूस आणि धान. दोन्हीकडचा शेतकरी भावाला सारख्याच शिव्या देतो, फक्त इकडे त्या तेलुगूत जास्त लांब होतात. मराठी घरं आहेत, तेलुगू आहेत, गोंड, कोया, कोलाम आहेत. मामी घरात मराठी, बाजारात तेलुगू, बैलांशी गोंडी आणि कचेरीत जुनी दखनी उर्दू बोलायची. शाळा तिसरीपर्यंत.

तिचं माहेर राजुरा तालुक्यातलं. ती जन्मली तेव्हा राजुरा आणि बेज्जूर दोन्ही हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते. म्हणजे तिच्या आईच्या मनातला हिशोब 'लेक जिल्ह्यातल्या जिल्ह्यात देऊ' हा अगदी रास्त होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरमांडणी झाली. किनवटबरोबर राजुराही आदिलाबादेतून निघून मुंबई राज्यात गेला, आधी नांदेड जिल्ह्याला जोडला, १९५९ ला चांद्याला जोडला. बेज्जूर आंध्र प्रदेशात गेलं. आईने हिशोब बदलला नाही, त्यामुळे मामी लग्न करून सरळ परराज्यात पडली. पुढे २ जून २०१४ ला तेलंगणा झालं. ११ ऑक्टोबर २०१६ ला जिल्हे नव्याने पाडले, तेव्हा बेज्जूर आदिलाबादेतून निघून कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेलं. मामी कुठेच गेली नव्हती. ती चुलीपुढेच बसलेली होती. दर वेळी कागदं बदलायला लागायची, आणि दर नव्या कागदावर मामाचं नाव पहिलं यायचं. पटवारी आला की ती विचारायची, "बापा, आता कोणाचं राज हाय? अन् त्यात पाणी कोण भरते?"

आमच्या या पट्ट्यात सीमेची मजा फार आहे. जिवती आणि केरामेरीच्या मध्ये चौदा गावं दोन्ही राज्यांच्या यादीत आहेत. दोन रेशन कार्डं, दोन शाळा, दोन ग्रामपंचायती, बोटाला दोनदा शाई. २०२२ च्या डिसेंबरात त्यातल्या महाराजगुड्याचं एक घर साऱ्या देशाच्या बातम्यांत आलं. सीमा घराच्या मधून जाते, चार खोल्या महाराष्ट्रात, चार तेलंगणात, आणि स्वयंपाकघर तेलंगणात. मी मोठ्या उत्साहाने ही बातमी मामीला सांगितली. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "म्हंजे राबाले तेलंगणा अन् बसाले महाराष्ट्र. आमच्या घरी तर दोन्ही एकाच राज्यात हाय. तरी बसणारे वेगळेच हाय."

बसणारे ओसरीत खुर्चीवर होते. ही खुर्ची लक्षात ठेवा.

आता तिच्या कामाचं सांगायला हवं आणि इथेच घोटाळा आहे. शेतकऱ्याचं काम सांगता येतं: नांगरलं, पेरलं, विकलं, बुडालं. शेतकऱ्याच्या बायकोचं काम सांगायला गेलं की मधल्या मधल्या गोष्टी निघतात. पऱ्हाटीचं निंदण, रोवणीला वाकणं, कापूस वेचणं, वेचलेला कापूस घरात रचून त्यावर झोपणाऱ्या पोरांना उठवणं, सरकीतली ढेप, गायीचं दूध, दुधातलं पाणी. शेवटचं मामा करायचे. वेचणीच्या दिवसांत मामी पहाटे भाकरी थापून, दिवसभर वेचून, बोंडाच्या टोकांनी फाटलेल्या बोटांनी संध्याकाळी पुन्हा भाकरी थापायची. आणि शिरगणतीवाला आला तेव्हा मामांनी ओसरीतून सांगितलं होतं, "ती? ती काही करत नाही. घरीच असते." शिरगणतीच्या नियमात वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम करणारा तो मुख्य कामकरी. मामीचं काम वर्षभर चालायचं, म्हणून ते मोजायला सुरुवात कुठून करावी हे कुणाला सुचलं नसावं.

सरकारने मात्र एकदा घड्याळ लावून मोजलं. २०१९ चं वेळेच्या वापराचं सर्वेक्षण. त्यात निघालं की घरचं विनामोबदला काम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, आणि पुरुषाची ९७. हे ९७ वाचून मला आमच्या जातीविषयी आदर वाटला. मग खालची ओळ वाचली. ही सरासरी जे करतात त्यांची आहे, आणि असं काही करणारे पुरुष शंभरात सव्वीस आहेत. बायका एक्याऐंशी. उरलेल्या चौऱ्याहत्तरांपैकी मामा एक, मी दुसरा, बाकीच्यांनी आपापले हात वर करावेत.

त्याच तक्त्यात आणखी एक रकाना आहे, स्वयंसेवा, उमेदवारी आणि तत्सम फुकट कामाचा. त्यात पुरुष २.७ टक्के आणि बायका २ टक्के. जिंकलो! स्वयंसेवेत आपण पुढे आहोत. हे कसं झालं असेल ते मी बेज्जूरला रोज बघत होतो. गणपतीच्या मांडवाला एक बांबू धरून उभा राहिलेला माणूस 'सेवा केली' म्हणतो आणि रात्री घरी येऊन अंग दुखतं म्हणून पडतो. त्याच मांडवात दोनशे माणसांची खिचडी करून, भांडी घासून, राख सारवून घरी आलेल्या बाईला विचारलं, आज काय केलं, तर ती म्हणते, "काही नाही, जरा मांडवात जाऊन आली." सर्वेक्षणवाल्याने दोघांचंही खरं मानलं.

मामीचं 'जरा जाऊन येणं' हा गावाचा निम्मा कारभार होता. बाळंतपणाला तिला बोलवायचे. मयताला पाणी तापवायला तिला बोलवायचे. सप्ताहात भाकऱ्यांचा हिशोब तिच्याकडे. पोलिओच्या रविवारी केंद्रावर नर्सबाई थेंब घेऊन बसायच्या आणि मामी पोरं आणायची. पलंगाखालून, धान्याच्या कोठीमागून, एकदा तर बोरीच्या झाडावरून. पोरं नर्सला भीत नव्हती, मामीला भीत होती, हा सरकारी मोहिमेचा न लिहिलेला भाग. २७ मार्च २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेने भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र दिलं. त्यावर मामीचं नाव नाही, हे ठीकच. पण बेज्जूरच्या एका पिढीच्या दंडावर तिच्या बोटांचे वळ होते, आणि तीही एक नोंदच.

सगळ्यात मोठं काम संघमचं, म्हणजे तिकडच्या बचत गटाचं. बायकांचे बचत गट सगळीकडे आहेत. ग्रामीण बायकांना गटात आणायची केंद्राची योजना १९८२ ची, पण ती खरी फोफावली ती तेव्हाच्या आंध्रात. १९९२ ला नेल्लोर जिल्ह्यात दुबगुंट्याच्या बायकांनी अड्ड्यांवरची दारू बंद पाडली आणि ते लोण राज्यभर पसरून सरकारला दारूबंदी करायला लागली, तेव्हापासून या राज्यातले पुढारी बायकांच्या गटाला नमस्कार करून मगच भाषण करतात. बेज्जूरचा गट मामीच्या ओट्यावर भरायचा. हिशोबाची वही शाळेतली एक पोरगी लिहायची आणि मामी डोक्यात ठेवायची. दोन्हींत फरक पडला तर वही खोडली जायची.

कर्जाची वसुली करायची तिची एक रीत होती. थकबाकीदार बाईच्या घरी जायचं. पैशाचं नाव काढायचं नाही. ओट्यावर बसायचं, "तुझी डाळ निवडायची राहिली वाटते" म्हणून सूप ओढून घ्यायचं आणि निवडायला लागायचं. शेजारणी बघतायत. सासू बघतेय. मामी खडे काढतेय, एकेक. डाळ संपायच्या आत पैसे यायचे. एकदा एका घरात डाळ संपली तरी पैसे आले नाहीत, तेव्हा ती तांदळाकडे वळली. एका बँकेच्या साहेबांना मी ही पद्धत सांगितली. ते म्हणाले, आमच्याकडे मनुष्यबळ नाही.

१३ ते २४ एप्रिल २०२२ ला प्राणहितेचं पुष्कर आलं. गुरू मीन राशीत शिरला की बारा दिवस नदीची यात्रा भरते, ती बारा वर्षांनी. वर्धा आणि वैनगंगा जिथे मिळतात त्या तुम्मिडीहट्टीला, अलीकडे-पलीकडे, सिरोंच्यापर्यंत माणसांचा पूर. एप्रिलचं आमच्याकडचं ऊन ज्याने बघितलं नाही त्याने देवाचा राग बघितला नाही. मामीने गटातल्या बायका घेतल्या, घरोघरचं ताक गोळा केलं आणि वाटेवर रांजण मांडले. मांडवावर बॅनर लागला तेव्हा त्यावर 'मोफत ताक वाटप, सौजन्य' असं लिहून खाली मामाचं नाव आणि कोट घातलेला फोटो. मामांचा कोट भाड्याचा होता आणि ताकाशी त्यांचा संबंध पिण्यापुरता होता. मी मामीला म्हटलं, हे काय? ती म्हणाली, "असू दे. नाव त्यायचं रायलं तर ते रांजण धुवाले तरी येतीन." आले नाहीत. पण तिचा अंदाज चुकला असं मी म्हणणार नाही. तो अंदाज नव्हताच, ती आशा होती.

कागदाकडे येऊ. आपल्याकडे सातबारा, तिकडे पहाणी. पहाणीत पट्टादार म्हणून मामा. २०१८ ला तेलंगणा सरकारने रयतू बंधू आणलं, एकरी चार हजार एका हंगामाला. योजना खरोखर चांगली, चेक गावात येऊन वाटले, वाटेत कुणी हात मारायची सोय ठेवलेली नव्हती. चेक मामाच्या नावाने आला. गावात कार्यक्रम झाला, मामाचा हार घालून फोटो काढला, आणि त्या दिवशी मामी शेतात निंदणाला गेली होती म्हणून शेतकऱ्याच्या सन्मानाला शेतकरी हजर राहू शकला नाही.

त्याच वर्षी रयतू बीमा आला. पट्टादार शेतकरी कुठल्याही कारणाने वारला की घरच्यांना पाच लाख, हप्ता सरकार भरणार. फक्त वय अठरा ते एकोणसाठ. आता यात दोन गंमती. पट्टा नसलेली बाई आयुष्यभर रोवणी करून गेली तर शेतकरी गेला असं होत नाही, घरातलं कुणी गेलं असं होतं. आणि साठीनंतर पट्टादारही शेतकरी म्हणून मरू शकत नाही. मामा तेव्हाच साठीच्या पुढे होते. माहिती द्यायला आलेला पोरगा गेल्यावर मामीने बराच विचार केला आणि मामाला म्हणाली, "पाच लाखाची गोष्ट होती. तेवढंही तुमच्याच्यानं टायमावर झालं नाही."

याच्या कितीतरी आधी मामाला संधी आली होती. १९८६ च्या नोव्हेंबरात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने चांदवडला बायकांचं अधिवेशन भरवलं. नाशिक जिल्ह्यातल्या त्या गावी लाखांनी शेतकरी बायका जमल्या. पुढे संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला. नवऱ्याने आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा, आणि गावातल्या शंभर जणांनी केलं की ते गाव लक्ष्मीमुक्तीचं गाव. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांनी ते करून दाखवलं. हे कायद्याने नव्हतं, नुसतं नवऱ्यांना सांगून होतं, म्हणून मला ते आजही चमत्काराच्या जवळचं वाटतं. माझे वडील संघटनेचे. त्यांनी बेज्जूरला जाऊन मामाला पटवलं. मामा डोळ्यात पाणी आणून म्हणाले, "भाऊजी, घर तिचं, बैल तिचे, मीसुद्धा तिचाच. मग कागदाला कायले तरास द्यायचा?" वडिलांना याचं उत्तर सुचलं नाही. चांदवडला नवऱ्यांचंही एक अधिवेशन घ्यायला हवं होतं, असं ते येताना बसमध्ये म्हणाले.

सरकारने बायकांची दखल घेतलीच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. २०१७ पासून बतुकम्माच्या सणाला साड्या वाटल्या. सिरसिल्ल्याच्या यंत्रमागांना काम मिळालं, रेशन कार्डावरच्या बाईला साडी मिळाली. मामीने आपली निरखून पाहिली, दोन बोटांत चोळली आणि त्यावर सांडगे घातले. सांडगे उत्तम वाळले. शोकसभेत तिसऱ्या वक्त्याने काढलेले ते हेच.

दखल कशी घेतात ते बघायचं तर बेज्जूरच्या रानात जावं. तिथे पाळारापूच्या कड्यावर लांब चोचीच्या गिधाडांची वसाहत २०१३ मध्ये सापडली. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या दुखण्याच्या औषधाने देशभर गिधाडं जवळजवळ संपली होती. ते औषध गुरांसाठी २००६ ला बंद झालं, पण पक्षी परत यायला वेळ लागतो. त्यामुळे वनखात्याने या कड्यावर माणसं बसवली. कोणत्या घरट्यात अंडं कधी, पिलू कधी उडालं, सगळं ती टिपून ठेवत. हे व्हायलाच पाहिजे, गिधाडाशिवाय रान म्हणजे सफाई कामगाराविना शहर. पण मामीला हे कळलं तेव्हा तिने विचारलं, "त्यायची नोंद कोण ठेवते?" म्हटलं, सरकार. "अन् मादी कोणती, नर कोणता, हे समजते का त्यायले?" म्हटलं, लांबून नाही समजत, दोघं सारखेच दिसतात, आळीपाळीने अंडं उबवतात. मामी ओसरीकडे बघत म्हणाली, "आळीपाळीनं?" आणि बराच वेळ काही बोलली नाही.

एका बाईची आठवण मात्र या जिल्ह्यात रीतसर ठेवलेली आहे, आणि ती बाई लंडनहून आलेली. १९४० ला जोडेघाटला गोंडांचे पुढारी कोमरम भीम मारले गेले. गोंड का उठले हे समजून घ्यायला निजाम सरकारने ऑस्ट्रियाचे मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांना पाठवलं. ते मार्लवाईला गोंडांमध्ये झोपडी बांधून राहिले, बरोबर बायको बेट्टी. गोंड शिक्षक घडवायची शाळा तिथे निघाली, गोंडी पुस्तकं देवनागरीत छापली गेली. बेट्टी ११ जानेवारी १९८७ ला हैदराबादेत वारल्या, त्यांची समाधी मार्लवाईला झाली आणि दरवर्षी त्या तारखेला गोंड तिथे जमतात. हायमेनडॉर्फ १९९५ ला गेले, त्यांच्या अस्थी पुढे मुलाने आणून बायकोच्या शेजारी ठेवल्या. बायकोच्या जागेत नवऱ्याची सोय झाल्याचं हे आमच्या भागातलं एवढंच उदाहरण मला ठाऊक आहे.

आपल्याकडच्या शेतकरी बाईला आठवणीत राहायचं तर घरात कवी लागतो. बहिणाबाई चौधरी १९५१ ला गेल्या. जात्यावर, शेतात त्या जे म्हणायच्या ते मुलाने, सोपानदेवांनी, उतरवून ठेवलं होतं. ते अत्र्यांच्या कानावर पडलं आणि १९५२ ला पुस्तक निघालं. म्हणजे आई बहिणाबाई असून भागत नाही, मुलगा सोपानदेव लागतो आणि मुलाच्या ओळखीत अत्रे लागतात. मामीचा मुलगा आर.टी.सी.त कंडक्टर आहे. तो दिवसभर लिहायचा ते तिकीट, आणि आता तेही यंत्रातून निघतं. मामी गाणी म्हणायची का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "म्हणायची ना. पण तेव्हा मिक्सर नव्हता, पाट्याच्या आवाजात ऐकू यायचं नाही."

तेरवी झाली, पाहुणे पांगले, फ्लेक्सचा उपयोग गोठ्याच्या छपराला झाला. मामीचा चेहरा आतल्या बाजूने आला, म्हणून गाय काही दिवस नीट दूध देत होती असं मुलगा म्हणतो. मामा ओसरीत बसू लागले. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, "काही म्हणा, तिने माझ्या घरात काही कमी पडू दिलं नाही. चाळीस माणसाचा स्वयंपाक होईल एवढी भांडी आहेत माझ्याकडे."

महिनाभराने संघमच्या बायका आल्या. एकीच्या मुलीचं लग्न होतं. मोठा गंज पाहिजे होता. मामा उदारपणे म्हणाले, "न्या की. आपलाच समजा." वही लिहिणारी पोरगी आता सून होऊन गावातच होती, ती वही घेऊन पुढे आली आणि म्हणाली, "मामा, तो आमचाच हाय." गंजाच्या बुडाशी गटाचं नाव तेलुगूत ठोकलेलं होतं. मामांना तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही, त्यामुळे इतकी वर्षं ती त्यांना नक्षी वाटत होती. मग पोरीने वहीत बघून एकेक वाचायला सुरुवात केली. गंज दोन, पातेली पाच, परात एक, झारे तीन. सतरंज्या. वजनकाटा, ज्यावर मामा कापूस मोजायचे. पितळी समई. ताकाचे रांजण. स्टीलचे पेले वीस डझन, म्हणजे घरात पाणी प्यायला होते तेवढे सगळे. बायका हसत-खेळत सामान बाहेर काढत होत्या आणि मामा दारात उभे राहून माझ्याकडे अशा नजरेने बघत होते, की जणू मी जप्तीचा हुकूम घेऊन आलोय.

घर बरंच मोठं निघालं. भिंती दिसायला लागल्या.

मामा येऊन खुर्चीत बसले. पोरीने वहीचं पान उलटलं, खुर्चीच्या मागे जाऊन वाकून पाहिलं आणि काही न बोलता उभी राहिली. मामाही उठून उभे राहिले. तिने पदराने खुर्ची पुसली, उचलली आणि पायरी उतरता उतरता म्हणाली, "मामा, संध्याकाळी ओट्यावर मीटिंग हाय. वीस जणींचा चहा ठेवजा. साखर कमी."